परदेशी मदत: पैसा त्यांचा, पण यादी कोणाची?

उंबरठा

२००७ साली व्हिएतनाममध्ये मदत देणाऱ्या देशांची आणि संस्थांची ७५२ शिष्टमंडळं येऊन गेली. कामाच्या दर दिवशी जवळजवळ तीन. प्रत्येकाला सचिवांची भेट हवी, ताजी आकडेवारी हवी, एखादा जिल्हा बघायला हवा. व्हिएतनामचं प्रशासन दांडगं, त्यांनी निभावून नेलं. पण जिथे पाणीपुरवठ्याच्या अख्ख्या खात्यात मोजकेच अनुभवी इंजिनियर आहेत, तिथे या पाहुणचारातून पाण्याच्या कामाला वेळ कधी मिळत असेल?

टांझानियाने यावर एक साधा नियम केला. अंदाजपत्रक तयार होतं त्या काळात, साधारण एप्रिल ते ऑगस्ट, शिष्टमंडळांनी येऊ नये. आमची माणसं तेव्हा देशाचा जमाखर्च मांडत असतात. हा नियम सहज आलेला नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टांझानिया आणि मदत देणारे यांचे संबंध इतके बिघडले होते, की डेन्मार्कच्या पुढाकाराने कॅनडाचे अर्थतज्ज्ञ जेराल्ड हेलायनर यांच्या नेतृत्वाखाली एक स्वतंत्र गट नेमला गेला. १९९५ च्या अहवालात त्या गटाने दोन्ही बाजूंना सुनावलं: सरकार स्वतःच्या कार्यक्रमाची जबाबदारी घेत नाही, आणि देणारे ती घेऊही देत नाहीत. त्यानंतर कोण किती पाळतंय हे तपासायला तटस्थ निरीक्षकांचा गट बसवला गेला. घेणाऱ्याबरोबर देणाऱ्याचीही परीक्षा, ही त्या काळात नवी गोष्ट होती.

आंतरराष्ट्रीय सहकार्याची चर्चा निघाली की आपण रकमेवर येतो. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये ठरवलं. २०२४ मध्ये ते पाळणारे देश चारच होते: नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन आणि डेन्मार्क. हा विषय महत्त्वाचा आहेच. तरी माझं ठाम मत असं, की मदत किती आली यापेक्षा ती कोणाच्या यादीतल्या कामाला आली आणि कोणाच्या तिजोरीतून गेली, यावर तिचं फळ जास्त अवलंबून असतं.

सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत १७ शाश्वत विकास उद्दिष्टं आणि त्यांच्या पोटातली १६९ लक्ष्यं मान्य झाली. एवढी लक्ष्यं एकदम हाती घेणं कोणत्याच देशाला जमणार नाही. आधी पाणी की आधी वीज, शाळा की बंदर, हे कोणीतरी ठरवावं लागतं, आणि ठरवताना काहीतरी मागे ठेवावं लागतं. म्हणूनच सतराव्या उद्दिष्टात एक लक्ष्य आहे, ज्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही: गरिबी निवारण आणि शाश्वत विकास यांची धोरणं ठरवताना प्रत्येक देशाचा निर्णयाचा अवकाश आणि त्याचं नेतृत्व यांचा मान राखावा. मदत देणाऱ्या आणि घेणाऱ्या देशांनी मिळून केलेल्या २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात हीच गोष्ट जास्त व्यवहारी भाषेत होती. देशाने आपला आराखडा करावा, देणाऱ्यांनी त्यात बसावं, शक्य तिथे देशाचीच लेखा आणि खरेदी पद्धत वापरावी.

याचं मला सर्वांत भावलेलं उदाहरण बोत्स्वानाचं. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा हा जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एक. डांबरी रस्ता नावापुरता, आणि सरकारचा रोजचा खर्चसुद्धा ब्रिटिश अनुदानावर. अशा देशाने, म्हणजे ज्याला 'नको' म्हणणं सर्वांत अवघड होतं त्याने, अर्थ आणि नियोजन ही दोन्ही खाती एकाच छताखाली ठेवली आणि एक शिस्त लावून घेतली. जे काम राष्ट्रीय विकास आराखड्यात नाही त्याला परदेशी पैसा घ्यायचा नाही, कितीही फुकट मिळत असला तरी. आराखड्यात काम घेतानाही आधी प्रश्न विचारायचा: इमारत कोणीतरी बांधून देईल, पण पुढची वीस वर्षं तिथल्या नर्सचा पगार, औषधं, डागडुजी आपल्याला झेपेल का? झेपणार नसेल तर इमारतही नको. मग आराखड्यातली कामं घेऊन ते एकेका देशाकडे जात आणि हे तुम्ही करा, ते त्यांना करू द्या, असं वाटून देत.

याच्या अगदी उलट टोकाला केनियातला तुर्काना सरोवराकाठचा मासे गोठवण्याचा कारखाना. नॉर्वेच्या मदतीने उभा राहिला. हेतू चांगलाच होता. पण तुर्काना लोक पिढ्यान् पिढ्या गुरं पाळणारे. गोठवायला लागणारी वीज आणि स्वच्छ पाणी त्या रखरखीत भागात परवडेना. कारखाना सुरू झाला आणि काही दिवसांत बंद पडला. तिथल्या माणसांना आधी काय हवं आहे, हा प्रश्न कागदावर कुठेच आला नव्हता.

ज्यांनी अशी कामं जवळून पाहिली आहेत त्यांनी जरूर लिहावं. वेगळं मत असेल तर ते आधी लिहा.

जललेख

फार चांगला विषय. एक शंका आत्ताच: बोत्स्वानाकडे हिरे होते. 'नको' म्हणायची ताकद तिथून आली असेल.

उंबरठा

जललेख, हिऱ्यांनी पुढे खूप हातभार लावला हे खरंच. पण ओरापाची खाण सापडली १९६७ मध्ये आणि तिचं उत्पन्न हाती यायला आणखी काही वर्षं गेली. आराखड्याची शिस्त त्याच्या आधीपासून घडत होती. खनिजं असूनही अशी शिस्त न लागलेले देश पुष्कळ आहेत.

खतावणी

मी बरीच वर्षं परदेशी निधीवर चालणाऱ्या प्रकल्पांचे हिशेब पाहिले आहेत. संस्थांची नावं नकोत, पण चित्र सगळीकडे सारखंच असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

एका खात्यात समजा पाच देणारे आहेत. अमेरिकेचं आर्थिक वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं, ब्रिटन आणि जपानचं एप्रिलला, युरोपातल्या बऱ्याच देशांचं जानेवारीला. घेणाऱ्या देशाचं जुलैला असू शकतं. एकाच खर्चाचे वेगवेगळ्या तारखांना तोडलेले पाच अहवाल करावे लागतात. प्रत्येकाचं बँक खातं वेगळं, खरेदीचे नियम वेगळे, अपात्र खर्चाची व्याख्या वेगळी. एकाला गाडीचं इंधन चालतं, दुसऱ्याला नाही. निविदेच्या प्रत्येक टप्प्यावर मुख्यालयातून ना-हरकत पत्र यावं लागतं आणि तोवर पावसाळा तोंडावर येतो. मग वर्षअखेरीला पैसे 'उडवायची' घाई, कारण खर्च झाला नाही तर पुढचा हप्ता कापला जातो. मिड-टर्म रिव्ह्यूला, म्हणजे प्रकल्पाच्या मध्यावरच्या तपासणीला, येणारी टीम लॉगफ्रेममधल्या (प्रकल्पाची उद्दिष्टं आणि निकष मांडणारा तक्ता) रकान्यांची बेरीज बघते. हातपंप दुरुस्त करणारा मिस्त्री अजून गावात आहे का, याला त्या तक्त्यात जागाच नसते.

पण मला सर्वांत जास्त खुपलेली गोष्ट वेगळी आहे. हे सगळं सांभाळायला प्रत्येक देणारा स्वतःचा वेगळा प्रकल्प कक्ष उघडतो. तिथे पगार सरकारी पगाराच्या दुप्पट-तिप्पट. साहजिकच खात्यातला सर्वांत हुशार इंजिनियर, सर्वांत नेटकी लेखापाल, इंग्रजी अहवाल लिहू शकणारा डॉक्टर तिकडे जातात. त्यांना मी दोष देणार नाही, त्यांनाही घरं चालवायची असतात. पण मग पाच वर्षांनी अहवालात ओळ येते की 'सरकारची क्षमता अपुरी आहे', आणि त्या ओळीच्या आधारे पुढचा प्रकल्पही सरकारला वगळूनच आखला जातो. क्षमता नेली कोणी, याचा विचार त्या अहवालात कुठेही नसतो.

प्रकल्प संपला की कक्षाला कुलूप. गाड्या, फायली, अनुभव सगळं पांगतं.

वाचनमात्र

खतावणी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'बांधील मदत' असा शब्द मध्यंतरी कुठेतरी वाचला होता. ती हीच का?

खतावणी

नाही, ती वेगळी. बांधील मदत म्हणजे पैसा देतो, पण माल आणि सल्लागार आमच्याच देशातले घ्या. अमेरिकेची अन्नमदत कित्येक दशकं बहुतांश अमेरिकी शेतातलं धान्य, आणि त्यातलाही मोठा वाटा अमेरिकी जहाजांतून, अशी जायची. दुष्काळ पडलेल्या प्रदेशाच्या शेजारी धान्य स्वस्त उपलब्ध असलं तरी.

ब्रिटनचं मलेशियातल्या परगाऊ धरणाचं प्रकरणही वाचण्यासारखं आहे. २३४ दशलक्ष पौंडांची मदत, आणि तिच्या मागे शस्त्रविक्रीच्या वाटाघाटींचा धागा. १९९४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ती बेकायदेशीर ठरवली. धरण आर्थिकदृष्ट्या शहाणपणाचं नाही, असा सल्ला खात्यातल्याच अधिकाऱ्यांनी आधी दिलेला होता. पुढे २००२ च्या कायद्याने ब्रिटनने मदतीचा हेतू गरिबी कमी करणं हाच असेल असं बांधून घेतलं.

तिसरी बाजू

धागा उत्तम, पण मला यात एक मोठी पोकळी दिसते. 'देशाच्या तिजोरीतून द्या' म्हणणं सोपं आहे. तिजोरीची चावी कोणाकडे असते?

२०१२ मध्ये युगांडात पंतप्रधान कार्यालयातून उत्तर भागाच्या पुनर्वसनाचा पैसा खासगी खात्यांत वळवला गेला. आयर्लंड, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क यांचा पैसा होता, आणि ज्यांच्यासाठी होता ते दीर्घ यादवीतून नुकते सावरत होते. २०१३ मध्ये मलावीत सरकारी संगणकप्रणालीतूनच बोगस देणी काढली गेली. मोझांबिकमध्ये सुमारे २ अब्ज डॉलरच्या कर्जांना सरकारने संसदेला न विचारता हमी दिली आणि २०१६ मध्ये ते उघडं पडल्यावर देशाची पतच कोसळली. या तिन्ही ठिकाणी भोगलं ते गरिबांनी.

स्वीडनमधल्या करदात्याने यावर काय म्हणावं? आणि युगांडाच्या उत्तरेतल्या विधवेने? तिच्यापर्यंत पैसा वेगळ्या प्रकल्प कक्षामार्फत पोचत असेल, तर पॅरिस जाहीरनाम्याच्या शुद्धतेपेक्षा तो कक्ष मला प्रिय आहे.

माळरान

तिसरी बाजू यांच्याशी बराच सहमत. मी प्रश्न आणखी मागे नेतो. चोरी अजिबात होत नाही असं धरलं, तरी 'देशाची प्राथमिकता' म्हणजे नक्की कोणाची?

मोझांबिकचंच प्रोसवाना घ्या. जपान, ब्राझील आणि मोझांबिक अशी तिघांची योजना, २००९ पासून आकाराला आलेली. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जपानच्या साथीने ब्राझीलने सेराडो हा गवताळ प्रदेश सोयाबीनच्या शेतीखाली आणला होता. तोच धडा उत्तर मोझांबिकच्या नाकाला पट्ट्यात गिरवायचा बेत. कागदावर सगळं आदर्श: दक्षिणेचा देश दक्षिणेला शिकवतोय, सरकारची संमती आहे, राष्ट्रीय धोरणात बसतं. फक्त त्या पट्ट्यात आधीपासून लाखो छोटे शेतकरी राहत होते. सेराडोत मोठमोठी यांत्रिक शेतं झाली, मग आमच्या जमिनींचं काय, असं त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने विचारलं. ब्राझील आणि जपानमधल्या नागरी संघटनांनी त्यांना साथ दिली, अनेक वर्षं भांडण चाललं आणि २०२० मध्ये योजना गुंडाळली गेली.

आता सांगा, इथे देशाच्या नेतृत्वाचा मान राखायचा म्हणजे राजधानी मापुतोतल्या मंत्रालयाचा, की नाकालाच्या शेतकऱ्यांचा?

उंबरठा

दोघांचेही प्रश्न खरे आहेत.

तिसरी बाजू, युगांडाची चोरी पकडली कोणी? युगांडाच्याच महालेखापरीक्षकांनी. त्यांच्या अहवालामुळेच प्रकरण बाहेर आलं आणि युगांडाला देणाऱ्या देशांचे पैसे परत करावे लागले. चोरी तिथल्या व्यवस्थेत झाली आणि तिथल्याच व्यवस्थेने ती उघड केली. पैसा बाहेरून बाहेर गेला असता तर त्या लेखापरीक्षकांना त्यात डोकावायचा अधिकारच नसता. मलावीत घोटाळ्यानंतर देणाऱ्यांनी तिजोरीकडे पाठ फिरवली. ते मी समजू शकते. पण ज्या लेखा खात्याच्या हातून पैसाच जात नाही, ते खातं सुधारणार कधी? मोझांबिकची कर्जं तर व्यापारी बँकांकडून घेतलेली होती, आणि ती लपून राहिली कारण संसदेला वगळलं होतं. तिन्ही ठिकाणचा धडा मला एकच दिसतो: देशातल्या पहारेकऱ्यांना बळ द्या. त्यांच्या वाटेने जाणारा पैसा टप्प्याटप्प्याने वाढवता येतो, एकदम कोरा धनादेश कोणीच मागत नाही.

तुमच्या त्या विधवेचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. तिला आज पैसा हवा आहे आणि व्यवस्था सुधारायला दहा वर्षं लागतात. युद्धात, दुष्काळात, उघड लुटारू राजवटीत थेट मदत द्यावीच लागेल, हे मी मान्य करते.

माळरान, नाकालाबद्दल माझं उत्तर: शेतकऱ्यांचा. पण ते शेतकरी जिंकले कसे, हेही बघा. संघटना होती, आपल्याच सरकारला जाब विचारायची सोय होती, आणि देणाऱ्या देशांतले नागरिक त्यांच्या बाजूने उभे राहिले. मला हेही आंतरराष्ट्रीय सहकार्यच वाटतं.

जललेख

आता माझी भर. देणारे चुकीची गोष्ट गळ्यात मारतात एवढाच धोका नसतो. देशाने नीट विचार करून मागितलेली गोष्ट ते नाकारतात, हाही असतो.

दक्षिण कोरियाला १९६० च्या दशकात पोलादाचा एकात्मिक कारखाना हवा होता. जागतिक बँकेने त्या दशकाच्या अखेरीला तो परवडणार नाही असं मत दिलं आणि पाश्चात्त्य देशांचं कर्ज बारगळलं. कोरियाने मग १९६५ च्या करारातून जपानकडून मिळत असलेला पैसा तिकडे वळवला. जपानी तंत्रज्ञही आले. १९७३ मध्ये पोहांग शहरातल्या त्या कारखान्यातून पोलाद निघू लागलं, आणि पुढे तो जगातल्या नामांकित पोलाद कारखान्यांपैकी एक झाला. तोच कोरिया २०१० मध्ये मदत देणाऱ्या देशांच्या समितीत सदस्य म्हणून बसला.

मलावीने २००५ च्या भीषण टंचाईनंतर छोट्या शेतकऱ्यांना खत आणि बियाणं स्वस्तात द्यायचं ठरवलं. अनेक देणाऱ्यांचा विरोध होता, बाजारात ढवळाढवळ नको म्हणून. सरकारने सुरुवातीला स्वतःच्या पैशाने केलं. पुढच्या दोन हंगामांत पाऊसही चांगला झाला आणि मक्याचं भरघोस पीक आलं. नंतर त्याचा खर्च डोईजड झाला, गळतीही झाली, त्यावर टीका आहे आणि ती योग्य आहे. पण पहिला निर्णय त्यांचा होता आणि त्यातून शिकणंही त्यांचंच होतं.

भारताच्या ऑपरेशन फ्लडचं उदाहरण इथे अगदी चपखल आहे. युरोपात दुधाची भुकटी आणि बटर ऑइल यांचे ढीग साचले होते. ते थेट बाजारात ओतले असते तर भाव कोसळून इथला दूधउत्पादक मेला असता. १९७० पासून जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत ती भेट घेतली, पण तिचं दूध करून शहरांत विकलं, आणि आलेला पैसा सहकारी संघ, शीतकरण केंद्रं आणि दुग्धशाळा उभारायला लावला. देणाऱ्याची गरज शिल्लक माल खपवण्याची होती. वर्गीज कुरियन आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ यांच्याकडे स्वतःची यादी तयार होती, म्हणून त्या मालातून इथला व्यवसाय उभा राहिला.

दीपस्तंभ

सगळे प्रतिसाद वाचले. सगळी चर्चा अनुदान आणि प्रकल्पांभोवती फिरते आहे. आज बऱ्याच देशांच्या प्राथमिकता गुदमरतात त्या कर्जाखाली. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेने २०२३ मध्ये मांडलेली गोष्ट: जगातले ३.३ अब्ज लोक अशा देशांत राहतात, जिथे सरकार आरोग्यावर किंवा शिक्षणावर करतं त्याहून जास्त खर्च व्याजावर करतं. अशा देशाने कितीही सुंदर आराखडा केला तरी तो अंमलात कशाने आणायचा?

म्हणून मला अलीकडच्या काही वाटा महत्त्वाच्या वाटतात. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडाने २०१५ च्या कर्ज पुनर्रचनेत (फेडीच्या अटी नव्याने ठरवताना) कर्जरोख्यांमध्ये एक कलम घालून घेतलं होतं: मोठं चक्रीवादळ आलं तर हप्ते पुढे ढकलता येतील. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळाने त्यांचं कॅरियाकू बेट उद्ध्वस्त केलं आणि ते कलम प्रत्यक्ष वापरलं गेलं. कर्ज देणाऱ्यांच्या दारात न जाता, वाटाघाटी न करता, ऐन गरजेच्या वेळी सरकारच्या हातात पैसा राहिला. बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली २०२२ पासून ब्रिजटाउन उपक्रमातून हेच मागताहेत, की अशी कलमं हा नियम व्हावा.

सेशेल्सने २०१६ मध्ये आपल्या परदेशी कर्जातला सुमारे २ कोटी १६ लाख डॉलरचा भाग सवलतीत सोडवून घेतला आणि बदल्यात समुद्राचा ३० टक्के भाग संरक्षित करायचं वचन दिलं. २०२० मध्ये ते पूर्ण केलं. हे बाहेरून आलेलं खूळ नव्हतं. मासेमारी आणि पर्यटन यांवर जगणारा देश, समुद्राचा आराखडा त्यांनी आधीच करायला घेतला होता.

याच्या शेजारी दक्षिण आफ्रिकेचा श्रीमंत देशांशी झालेला, कोळशाकडून स्वच्छ विजेकडे जाण्याचा, म्हणजे 'न्याय्य संक्रमणा'चा २०२१ चा करार ठेवा. ८.५ अब्ज डॉलर जाहीर झाले. बारकाईने पाहिलं तर त्यात निव्वळ अनुदान अगदी थोडं, बाकी बहुतेक कर्ज आणि हम्या. कोळसा खाणीतल्या कामगाराला नवं काम शिकवणं, त्याच्या गावाला सावरणं, यातून परतावा निघत नाही, म्हणून ते कर्जावर करणं कठीण. आणि 'न्याय्य' संक्रमणाचा न्याय तर तिथेच आहे.

तिसरी बाजू

दीपस्तंभ, निसर्गाच्या बदल्यात कर्जमाफीच्या व्यवहारांत मध्यस्थांची फी आणि गुंतागुंत मोठी असते. एकूण कर्जाच्या मानाने सुटलेली रक्कम किरकोळ ठरते. सेशेल्ससारख्या लहान देशाला फरक पडला, पण हा सर्वांवरचा इलाज म्हणून खपवला जाऊ नये एवढंच.

दीपस्तंभ

मान्य. मोठ्या कर्जबाजारी देशाला खरी पुनर्रचनाच हवी, आणि ती आज फार रेंगाळते. झांबियाने २०२० मध्ये हप्ता चुकवला, कर्ज देणाऱ्यांशी मुख्य तडजोडी पुऱ्या व्हायला २०२४ उजाडलं. तोवर नवीन शाळा, नवीन रस्ते अडकून.

माळरान

मग आताच्या कपातीचं काय? २०२४ मध्ये अधिकृत मदत आधीच्या वर्षापेक्षा साधारण ७ टक्क्यांनी घटली. १ जुलै २०२५ पासून अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेचं काम थांबवून उरलेलं परराष्ट्र खात्याकडे गेलं. ब्रिटन २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर उतरणार आहे. यादी कोणाची हा वाद होईपर्यंत पैसाच उरला नाही, असं व्हायचं.

खतावणी

माळरान, कपातीचा धक्का कुठे किती बसला हे पाहिलं तर या धाग्याचा विषय जास्तच स्पष्ट होतो. जिथे एचआयव्हीचे दवाखाने, समुपदेशक, औषधवाटप हे सगळं बाहेरच्या संस्थांच्या पगारपत्रकावर होतं, तिथे अमेरिकेचा काम थांबवा असा आदेश आल्यावर काही दिवसांत दारं बंद झाली. ज्यांच्या गोळ्या नियमित चालू होत्या ती माणसं रस्त्यावर आली. मला हे अक्षम्य वाटतं. वर्षानुवर्षं जीव वाचवणारं काम असं रात्रीतून थांबवायचं नसतं.

इथियोपियाची एक गोष्ट मात्र यात लक्षात ठेवण्यासारखी आहे. २००३ पासून त्यांनी खेडोपाडी आरोग्यसेविका नेमल्या. प्रत्येक गावसमूहाला दोन, त्याच भागातल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या तरुणी, वर्षभराचं प्रशिक्षण, आणि पगार सरकारचा. ३०,००० हून अधिक जणी उभ्या राहिल्या. देणाऱ्यांना सांगितलं: एक आराखडा, एक अंदाजपत्रक, एक अहवाल. तुमचा पैसा प्रशिक्षण, लसी, औषधं यांना लावा. सगळे देणारे ऐकले नाहीत, आणि कपातीचा फटका इथियोपियालाही मोठा बसला. पण त्या सेविका सरकारी नोकर आहेत. बाहेरचा प्रकल्प बंद झाला म्हणून त्यांची नोकरी आपोआप जात नाही.

उंबरठा

२०२५ मध्ये दोन सरकारांनी लगेच हालचाल केली तीही नोंदवते. नायजेरियाच्या संसदेने अंदाजपत्रकात आरोग्यासाठी सुमारे २० कोटी डॉलरची भर घातली. घानाने आरोग्यविम्यासाठी गोळा होणाऱ्या करावरची मर्यादा काढली. आधी त्यातला काही भाग दुसरीकडे वळवला जात होता. रकमा गरजेच्या मानाने अपुऱ्या आहेत, आणि गरीब देशांत असलेला पैसा आधीच कर्जात जातो हे दीपस्तंभ यांनी लिहिलंच आहे. म्हणून श्रीमंत देशांची जबाबदारी यातून कमी होत नाही. जून-जुलै २०२५ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिल इथे विकासनिधीवर झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत विकासाला दरवर्षी सुमारे ४ ट्रिलियन डॉलर कमी पडतात असं मांडलं गेलं, आणि अमेरिका त्या वाटाघाटींतून आधीच बाहेर पडली होती.

वाचनमात्र

इतकं वाचल्यावर एक व्यवहारी प्रश्न. एखाद्या देशात मदत देशाच्या यादीप्रमाणे चालली आहे की नाही, हे आपल्यासारख्या सामान्य वाचकाला बघता येतं का?

खतावणी

बऱ्यापैकी येतं. तीन कागद शेजारी ठेवा. पहिला, देशाचा स्वतःचा विकास आराखडा. दुसरा, संयुक्त राष्ट्रांनी त्या देशाशी केलेला सहकार्य आराखडा. २०१९ पासूनच्या नव्या पद्धतीत तो देशाच्या आराखड्यातूनच निघायला हवा असा नियम आहे. तिसरा, देशाचं वार्षिक अंदाजपत्रक. पहिल्या दोन्हींत शब्द जुळतातच, त्यावर जाऊ नका. तिसऱ्यात बघा: ज्याला सर्वोच्च प्राधान्य म्हटलं आहे त्याला देशाने स्वतःचे पैसे ठेवले आहेत का, आणि परदेशी मदतीतला किती भाग त्या अंदाजपत्रकात दिसतो. शेवटी महालेखापरीक्षकांचा अहवाल मिळाला तर चाळा. बऱ्याच देशांत तो खुला असतो, आणि त्यात परदेशी निधीच्या प्रकल्पांवरचं प्रकरण बहुधा सर्वांत मागे असतं. मी वाचायला तिथून सुरुवात करतो.

माळरान

मोझांबिकचे तिन्ही कागद मिळवायचा प्रयत्न करतो. पोर्तुगीज वाचणारं इथे कोणी आहे का?